नवरा, केळवण आणि रुसलेले मामा

पत्र

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आहे. मुलगी गुजराती, इथलीच, वडोदऱ्यातल्या अलकापुरीतली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजारातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, त्यामुळे भाषेवरून काही घडेल असं मनातही आलं नव्हतं. पण आईचं माहेर साताऱ्याचं, आणि घोळ तिथून सुरू झाला.

दोन्हीकडची मंडळी आमच्याकडे जेवायला जमली होती. मुलीच्या फुआंनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, मामांना विचारलं, काय करता? मामा म्हणाले, एसटीतून रिटायर झालो. फुआ हसत म्हणाले, "तो तो हवे नवरा ज ने!" मामा गोंधळून म्हणाले, "नवरा? कुणाचा?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग कुणीतरी सांगितलं की गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. मामांचा चेहरा उतरला. पुढे जेवताना त्यांनी गुजराती ही मराठीतूनच निघाली असं सुनावलं, फुआ म्हणाले उलट आहे, आणि ‘नेव्हिगेशन’ हा इंग्रजी शब्द ‘नौगती’वरून आलाय इथपर्यंत वाद गेला. आता मामा म्हणतात, लग्नाला येईन, केळवणाला येणार नाही.

तेवढ्यात मी केळवणाचा निरोप गुजराती लिपीत व्हॉट्सॲपवर टाकला, तर मुलीच्या काकींचा फोन: "केळवणी? अमारी दीकरीने शुं शीखवाडवानुं छे?" म्हणजे, आमच्या मुलीला काय शिकवायचंय? आणि मामींसाठी मांडवीतल्या दुकानात निळी साडी सांगितली होती, ती आली हिरवी!

मामांना केळवणाला कसं आणावं? मामा आणि फुआ यांत खरं कुणाचं? आणि संगीताच्या रात्री वाटायला मी दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गमतीची यादी केली आहे. सोबत जोडते, तपासून द्याल का?

— करवली, वडोदरा

उत्तर

करवलीबाई,

यादी नंतर. केळवण तोंडावर आलं आहे, तेव्हा आधी मामा.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही घाईघाईनं उरकलंय: ‘आम्ही सगळे पोट धरून हसलो.’ मामा दुखावले ते तिथे. शब्द नंतरचा. जन्मभर एसटीच्या वेळापत्रकाबरहुकूम उठलेला माणूस आता घरी बसलाय. बहिणीच्या व्याह्यांसमोर त्याला एक शब्द कळला नाही, कळला तेव्हा तो नेमका ‘रिकामा’ निघाला, आणि समोर स्वतःची भाचरं हसत होती. कुणालाही राग येईल.

म्हणून शब्दाचा अर्थ सांगून त्यांची समजूत काढायला जाऊ नका. ‘मामा, त्यांच्यात नवरा म्हणजे तसं वाईट नसतं हो’ हे वाक्य तर मुळीच नको. ते अर्धंच खरं आहे, आणि मामा काही दूधखुळे नाहीत. गुजरातीत ‘नवराश’ म्हणजे सवड. ‘नवराश होय त्यारे आवजो’ हे अगदी अगत्याचं बोलणं. ‘आजे नवरा छो?’ म्हणजे आज मोकळे आहात का, यातही डंख नाही. पण ‘आखो दिवस नवरो बेठो रहे छे’ म्हटलं की तोच शब्द टोमणा होतो. फुआ हसत बोलले, म्हणजे थट्टा होती. ती वाईट हेतूनं केली नसेल, पण पहिल्याच भेटीत मुलाच्या मामांची थट्टा करायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे.

फोन तुम्ही करा. आईला पुढे करू नका. बहीण-भावाच्या फोनमध्ये जुनीपुराणी प्रकरणं निघतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. हसलात तुम्ही, तर बोलायचंही तुम्ही. ‘मामा, तुम्ही गोंधळलात आणि आम्ही हसलो, ते वाईट झालं. केळवणाला तुम्ही हवेतच.’ एवढं पुरे. गुजराती, मराठी, फुआ, कशाचंही नाव काढू नका. त्यांनी काढलं तर ऐकून घ्या.

मुलीकडच्यांपासूनही हे लपवू नका. मुलाचे मामा केळवणाला येत नाहीत हे त्यांना कळू द्या. गुजराती लग्नात मामाचा मान काय असतो हे तुम्हाला वडोदऱ्यात राहून मी सांगायला नको. मामेरुं, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन मामा वेळेवर पोचला नाही तर सगळं लग्नघर कासावीस होतं. हे ऐकल्यावर फुआ बहुधा आपणहून फोन करतील. नाही केला तर मुलीच्या वडिलांकरवी सुचवा. आणि दोघांनी हिंदीत बोलावं. दोघांचीही हिंदी सारखीच कच्ची असेल, अशा वेळी ते फार उपयोगी पडतं.

आता खरं कुणाचं? कुणाचंच नाही. मराठीच्या मागे महाराष्ट्री प्राकृत आहे, गुजरातीच्या मागे पश्चिमेकडची अपभ्रंश बोली, जिच्यातून राजस्थानीही आली. एकीनं दुसरीला जन्म दिलेला नाही, दोघी बहिणी आहेत. संस्कृतातली तिन्ही लिंगं दोघींनी अजून सांभाळली आहेत. आपलं ‘मोठं घर’ तसं त्यांचं ‘मोटुं घर’. हिंदीनं नपुंसकलिंग कधीच टाकून दिलं.

हे नुसतं सांगून भागणार नाही, पुरावा हवा. कागदावर डावीकडे गुजराती शब्द लिहा, उजवीकडे मराठी. माछली, मासा. वाछरडुं, वासरू. छरी, सुरी. छाल, साल. छांयडो, सावली. आणि आकडा: छ, सहा. दोन ओळींतच लक्षात येईल की गुजरातीत जिथे छ तिथे मराठीत स. संस्कृतातल्या मत्स्य, वत्स, क्षुरिका यांचं प्राकृतात मच्छ, वच्छ, छुरिआ झालं होतं. गुजरातीनं आणि हिंदीनंही तो छ ठेवला. मराठीनं त्याचा स केला, आणि करायला लागल्यावर सरसकट केला. आज मराठीत छ नं सुरू होणारे जे शब्द आहेत ते बहुतेक संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले किंवा शेजारून आलेले.

या नियमानं सुटणारं माझं आवडतं कोडं ‘पुसणे’ हे आहे. गुजरातीत विचारणे म्हणजे पूछवुं. छ चा स करा, पुसणे तयार. जुन्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणेच होतं, आणि ‘त्याला कोण पुसतो?’ असं आपण अजून म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. मग फळा पुसतो ते काय? तो वेगळाच शब्द. विचारायचं ‘पुसणे’ संस्कृत पृच्छ् पासून आलं, फळा पुसायचं प्रोंछ् पासून. गुजरातीत त्यासाठी लूछवुं असं निराळं क्रियापद आहे, म्हणून तिथे घोटाळा नाही. मराठीत दोन्ही झिजत झिजत एका रूपाला आले. एकाच भाषेत, एकाच घरात, अक्षरशः सारखे दिसणारे दोन शब्द एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. तर दोन भाषांतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर लगेच विश्वास ठेवायचं काय कारण?

नातं ठरतं ते फरकांवरून. फरक नियमानं येत असेल, दहा शब्दांत तोच येत असेल, तर शब्द एका कुळातले. ‘व्याही’ आणि ‘वेवाई’ घ्या. दोन्हींच्या पोटात विवाह आहे, फक्त उच्चारांची झीज वेगळी झाली. उलट, एकच शब्द हुबेहूब जुळत असेल आणि बाजूला दुसरं काही जुळत नसेल, तर सावध व्हावं. आपण बदनाम, बदमाश म्हणतो त्यातला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ एक, अर्थही एक, तरी नातं शून्य. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये म्बाबाराम नावाची एक भाषा होती. तिच्यात कुत्र्याला चक्क ‘डॉग’ म्हणत, आणि त्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. याच्या उलट, संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ शेजारी ठेवले तर कुणी ओळखही देणार नाही, पण ते एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत.

मामांची ‘नौगती’ अर्धी बरोबर आहे, हे मात्र त्यांच्या पदरात घालायला हवं. संस्कृत ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’, म्हणजे जहाज, या खरोखर बहिणी. पण नेव्हिगेशन शब्द घडला तो लॅटिनमध्ये, नाविस आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे या दोहोंतून. त्यात ‘गती’ कुठेच नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं येणारं नाही, त्यांचं मूळ एक असावं, आणि ते मूळ कदाचित आज शिल्लकही नसेल. या शेवटच्या तुकड्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे. हे मामांना सांगायचं तर लग्न पार पडल्यावर सांगा.

आणि मामा-फुआंची मालकीहक्काची भांडणं पुन्हा पेटलीच तर ‘पगार’ शब्द मध्ये टाका. मराठीत पगार, गुजरातीत पगार, आणि शब्द पोर्तुगीजांचा. चावीही त्यांचीच. बटाटाही.

आता यादी.

पहिलाच शब्द तुम्ही ‘नवरा’ टाकलाय. मामांनी स्वतः ‘टाक की’ म्हटल्याशिवाय तो छापू नका. आपला नवरा ‘नववर’ म्हणजे नवा वर यातून आला, म्हणून तर नवरी आणि नवरदेव. आधी नवरा होता, लग्नानंतर रिकामटेकडा झाला, म्हणून गुजरातीत तो अर्थ आला, अशी व्युत्पत्ती तुम्ही कंसात दिली आहे. बायकांच्या बाजूनं टाळ्या पडतील, पण ती व्युत्पत्ती म्हणून छापू नका, विनोद म्हणून छापा.

‘केळवण’ ठेवा, तो यादीतला सगळ्यात चांगला शब्द आहे. काकी दचकल्या त्यात त्यांचं काही चुकलं नाही. गुजरातीत केळवणी म्हणजे शिक्षण, केळवणी मंडळ म्हणजे शिक्षणसंस्था, आणि केळववुं म्हणजे शिकवून तयार करणं; कणीक मळून तयार करायलासुद्धा तेच क्रियापद. तुमचं ‘केळवण’ गुजराती लिपीत वाचल्यावर डोळा आपोआप शेवटी ईकार लावून मोकळा होतो. त्यात हे वडोदरा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गुजरातीत त्याला ‘फरजियात केळवणी’ म्हणतात. होणाऱ्या सासरहून ‘केळवण’ असा निरोप आला की काकींना आपल्या मुलीला शाळेत बसवणार असं वाटलं तर नवल काय? मराठीतसुद्धा हा शब्द सगळीकडे नाही, बऱ्याच ठिकाणी याच जेवणाला गडगनेर म्हणतात. मामांकडे काय म्हणतात ते विचारा. फोनवर बोलायला तेवढाच निर्धोक विषय.

‘जमणे’ आणि ‘जमवुं’ या जोडीपुढे तुम्ही ‘मूळ एकच’ असं लिहिलंय. ते खोडा. आपलं जमणे अरबी ‘जमा’वरून आलं. गुजराती जमवुं म्हणजे जेवणे, आणि ते आपल्या ‘जेवणे’चं सख्खं भावंड, दोघांच्या मागे संस्कृत ‘जेमति’ आहे. म्हणजे दिसायला जुळतात ते परके, आणि सख्खी जोडी यादीत आलीच नाही. तुमच्याच पत्रातलं ‘मंडळी जेवायला जमली होती’ हे वाक्य गुजराती कानाला दोनदा जेवल्यासारखं वाटेल. साताऱ्याच्या पाहुण्यांना ‘जमीने जजो’चा अर्थ आधीच सांगून ठेवा. जेवून जा म्हणतायत. नाहीतर जमीन आणि जज एका वाक्यात ऐकून मामा सातबारा शोधायला लागतील.

साडीचं आता. दुकानदाराला बोल लावू नका. मामी ‘निळी’ म्हणाल्या असतील, त्यानं ‘लीली’ ऐकलं, आणि लीली म्हणजे हिरवी. हे दोन्ही शब्द संस्कृत ‘नील’चेच. न आणि ल यांची अदलाबदल आपल्याकडेही होते: नवनीतचं लोणी झालं, हिंदीतलं नींबू आपल्याकडे लिंबू आहे. आवाज एवढाच बदलला, पण रंगच पालटला हे जरा चमत्कारिक वाटतं खरं. निळा आणि हिरवा यांच्यामधली रेघ सगळ्या भाषा एकाच जागी ओढत नाहीत. जपानी माणूस सिग्नलच्या हिरव्या दिव्याला ‘आओ’ म्हणतो, आणि ‘आओ’ म्हणजे एरवी निळा. गुजरातीत तर लीलुं म्हणजे हिरवं, ताजं, ओलं असं सगळंच. आपला वडोदऱ्याचा लीलो चेवडो काही हिरवागार नसतो. सुक्या चिवड्यापेक्षा ओलसर, म्हणून लीलो. आपण ओला दुष्काळ म्हणतो, ते लीलो दुकाळ म्हणतात.

मग निळ्याला काय म्हणायचं? वादळी, नाहीतर भूरो. आणि इथे दुसरा खड्डा आहे, कारण हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी आणि मराठीत भुरा म्हणजे धुरकट, मातकट. मामींनी हिंदीत ‘भूरी नहीं चाहिए’ म्हटलं की दुकानदार निळी साडी मागे ठेवणार. या खरेदीत रंगाचं नाव तोंडानं घेऊच नका, ठाणावर बोट ठेवा. आलेली हिरवी साडी मात्र परत करू नका. लग्नघरात हिरवी साडी कधी वाया गेली आहे?

नात्यांचे शब्द तुम्ही दोनच टाकलेत, आणखी टाका, त्यात खरी धमाल आहे. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले मोठे. गुजरातीत नाना म्हणजे धाकटे, ‘नाना काका’ म्हणजे धाकटे काका. ‘हे आमचे नाना’ म्हणून पंच्याहत्तरीच्या गृहस्थांची ओळख करून दिलीत तर मुलीकडची पोरं ‘आ तो मोटा छे!’ म्हणणारच. तुमच्या भावाला धाकटी भावंडं दादा म्हणत असतील, तेव्हा तिकडे एखादं पोर नवरदेवाचे केस पांढरे आहेत का ते बघेल, कारण त्यांच्याकडे दादा म्हणजे आजोबा. ‘बा’ तर उलटापालटा: खेड्यातल्या मराठीत बा म्हणजे बाप, गुजरातीत बा म्हणजे आई किंवा आजी. ‘बा आव्यां’ म्हटल्यावर मामा दारात म्हातारबोवांना शोधतील आणि आत येतील मुलीच्या आजी. असल्या शब्दांवरून भाषांचं नातं काढू नये, हेही यादीखाली लिहून टाका. बा, पा, मा हे आवाज तान्ह्या मुलाच्या तोंडून सगळ्यात आधी निघतात आणि जवळचं माणूस ते आपल्यालाच म्हटलं असं समजतं. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. हे ऐकून तुमचे मामा खूश होतील असा माझा अंदाज आहे.

‘पोळ’ चांगला शब्द. इथली पोळ संस्कृत ‘प्रतोली’वरून, म्हणजे वेशीचा दरवाजा, दरवाजा लावला की आतली सगळी घरं सुरक्षित, म्हणून त्या वस्तीलाच पोळ म्हणायला लागले. मराठीत पोळ म्हणजे देवाला सोडलेला मोकाट वळू. दोघांची गाठ फक्त गल्लीत पडते. ‘राजीनामा’ तुम्ही मराठी-गुजराती यादीत का घातला कळलं नाही, दोन्हीकडे त्याचा अर्थ नोकरी सोडणं हाच आहे. घोटाळा हिंदीशी आहे. फारसीत तो संमतीचा कागद. हिंदीत कोर्टातल्या तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. आपण तो नोकरी सोडायला वापरला. काढून टाका, किंवा हिंदीसाठी तिसरा रकाना करा. रकाना केलात तर त्यात ‘शिक्षा’ पहिला लिहा.

‘वडोदरा: वडाच्या उदरात वसलेलं’ हे शाळेत सगळ्यांनी शिकलंय, पण छापण्याआधी थांबा. राष्ट्रकूट राजवंशातल्या कर्काच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात या जागेचं नाव ‘वटपद्रक’ असं आहे. वड दोन्हीकडे आहे, उदर मात्र त्या ताम्रपटात नाही. ‘पद्र’ म्हणजे गाव. नावाचं रूप कालांतरानं बदललं की लोक त्यात ओळखीचे शब्द शोधतात आणि गोष्ट रचतात. गायकवाड या आडनावाचीही अशीच गोष्ट सांगतात, गायींना कवाडातून आत घेऊन वाचवलं म्हणून गायकवाड. गोष्ट गोड आहे, गोष्ट म्हणून सांगा.

याच गावात हा उद्योग एकदा फार गंभीरपणे झाला होता, तो तुमच्या यादीच्या माथ्यावर एका ओळीत टाकलात तर मला बरं वाटेल. राजघराणं मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, जुने कागद फारसी वळणाचे, वर इंग्रजीचा दाब: बडोद्याच्या कचेऱ्यांत एकाच गोष्टीला चार नावं असत. १९३१ साली संस्थानानं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध केला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. कुणाचा शब्द श्रेष्ठ हे ठरवण्यापेक्षा तुमचा कोणता, आमचा कोणता, हे एका पानावर लिहून टाकलं. मामा आणि फुआ दोघांनाही हे पटेल अशी मला आशा नाही, पण तुमच्या भावाला आणि वहिनीला उपयोग होईल.

खाण्याचे शब्द यादीत आहेत तसे ठेवा. भाकरी आणि भाखरी एकाच मूळच्या, पण त्यांची भाखरी गव्हाची, कुरकुरीत. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला तिथे रोटलो म्हणतात. सेव-उसळ मात्र नक्की घाला. उसळ मराठी, सेव गुजराती, आणि दोघांचा संसार वडोदऱ्याच्या गाड्यांवर सुखानं चाललाय. ‘मठो’ हा शब्द गमतीसाठी राहू द्या, पण स्वयंपाक्याशी बोलताना जपा. आपला लग्नातला जिलबी-मठ्ठ्याचा बेत तुम्ही ठरवला असेल आणि गुजराती महाराजाला ‘मठो’ म्हणून सांगितला असेल, तर तो आलं-कोथिंबीर लावलेलं ताक करणार नाही. तो श्रीखंडासारखा गोड मठो करील, आणि जिलबीबरोबर गोडाबरोबर गोड वाढलं जाईल. त्याला ‘मसाला छाश’ म्हणा.

राहिला केळवणाचा निरोप. तो दोन वेगळे लिहा, एकाचं दुसऱ्या लिपीत रूपांतर करू नका. मराठीत ‘केळवणाला यावे’ असाच. गुजरातीत ‘लग्न पहेलां अमारे घेर जमवा पधारजो’. काकींना हा नवा निरोप पाठवताना जुना मेसेज पुन्हा पुढे ढकलून ‘बघा, मी केळवण लिहिलं होतं, केळवणी नाही’ असं सिद्ध करायला जाऊ नका. नवा पाठवा, वर वार आणि वेळ लिहा, आणि मुलीच्या आजींना कोण आणायला येणार तेही लिहा.